गारा आठ मिनिटं, ऊन दोन महिने: मोर्शीकडच्या नऊ एकरांचं एका उन्हाळ्याचं प्रकरण

अमरावती जिल्ह्यातल्या मोर्शी तालुक्यातल्या एका गावातलं हे प्रकरण. गावाचं नाव आणि साल मुद्दाम देत नाही. पंचनाम्यावरून झालेली भांडणं अजून पुरती विझलेली नाहीत आणि मला त्या गावात महिन्यातून दोनदा जावं लागतं. मी एका शेतकरी उत्पादक कंपनीसाठी पीकसल्ल्याचं काम करतो. मंगळवारी आणि शुक्रवारी हवामानाचा कृषी सल्ला निघतो. तो गावोगावच्या ग्रुपवर साध्या बोलीत टाकायचा आणि मग दिवसभर "मंग आता काय करू?" या एकाच प्रश्नाला उत्तरं द्यायची, एवढंच काम.

गावात त्या वर्षाला आजही "गारांचं वर्ष" म्हणतात. मी ज्या घराबद्दल लिहितोय त्या घरातल्या वहिनींची वही मात्र तसं म्हणत नाही. मुलाच्या आठवीच्या भूगोलाच्या वहीत मागच्या बाजूने त्यांनी मार्च ते मे जवळजवळ रोजची नोंद ठेवली होती: कमाल तापमान (टीव्हीवर सांगतात ते), मोटर किती वेळ चालली, आणि खुणेच्या दहा झाडांखाली सकाळी किती फळं पडलेली दिसली. हे सगळं प्रकरण त्या वहीवरून उभं आहे.

वावर आणि पाणी

घरचं वावर नऊ एकर. चार एकर हरभरा, दीड एकर गहू, अडीच एकर संत्रा आणि एक एकर तेव्हा मोकळा. संत्र्याची लागवड सहा बाय सहा मीटरवर, म्हणजे एकरी एकशेदहा झाडं. मर आणि डिंक्या या रोगांनी काही जाऊन दोनशेसाठ उरलेली, बारा वर्षांची. बहार आंबिया: डिसेंबर-जानेवारीत ताण द्यायचा, मग पाणी सोडायचं, फेब्रुवारीत फूल आणि मार्चच्या सुरुवातीला मटराएवढं फळ. ते फळ ऑक्टोबरनंतर तोडणीला येतं. म्हणजे आंबिया घेणाऱ्या कास्तकाराचं फळ अख्खा उन्हाळा झाडावर काढतं. मृग बहारवाल्याला उन्हाळ्याची वेगळी चिंता असते, पण त्याच्या झाडावर त्या वेळी वाटाण्याएवढी लेकरं लटकत नसतात.

पाण्याचं गणित एकदा मांडू, कारण पुढे सगळं त्यावरच येऊन अडतं. झाडाला चार ड्रीपर, तासाला आठ लिटरचे. म्हणजे तासाला बत्तीस लिटर. एवढ्या वयाच्या झाडाला एप्रिल-मेमध्ये दिवसाला दीडशे लिटर तरी लागतं, म्हणजे पावणेपाच तास. बाग एकदम ओलत नाही, दोन भाग करावे लागतात, म्हणजे साडेनऊ तास. शेतीच्या फिडरला वीज आठ तास, त्यातही काही दिवस रात्रपाळी. कागदावरच दीड तास कमी पडतो. विहीर त्याआधीच हात टेकते, ते वेगळं.

वरूड आणि मोर्शी हे दोन्ही तालुके भूजलाच्या हिशेबात अतिशोषित आहेत, लोकांच्या भाषेत डार्क झोन. आठशे-हजार फूट बोअर मारलेली माणसं इथे कोणालाही भेटतील. काकाजींकडे, म्हणजे या घरच्या कर्त्याकडे, एक विहीर आणि एक बोअर. बोअर एप्रिलपासून नुसती हवा ओढतो.

दोन अंदाज आले होते

हवामान विभाग फेब्रुवारीच्या शेवटी मार्च ते मे या तीन महिन्यांचा अंदाज जाहीर करतो. त्यात अमुक तारखेला पाऊस असं काही नसतं. तीन महिने मिळून दिवसाचं आणि रात्रीचं तापमान सरासरीपेक्षा वर राहण्याची शक्यता किती, उष्णतेच्या लाटेचे दिवस नेहमीपेक्षा जास्त की कमी, असं नकाशावर रंगवून सांगतात. त्या वर्षीचा रंग विदर्भावर गडद होता. मी तो नकाशा ग्रुपवर टाकला आणि खाली लिहिलं, "यंदा उन्हाळा सरासरीपेक्षा जास्त तापण्याची शक्यता आहे."

त्यावर एक अंगठा आला. आणि एकाने लिहिलं, "उन्हाळ्यात ऊन तापनारच भाऊ, त्यात नवीन काय?"

त्याचं चुकलं नव्हतं. मी बातमी दिली होती, तिचं करायचं काय ते सांगितलं नव्हतं. पाच-सहा दिवसांनी काकाजींनी मोकळ्या एकरात उन्हाळी मूग पेरला. मला विचारलं नाही, आणि विचारलं असतं तरी मी त्या नकाशाचा मुगाशी संबंध तेव्हा जोडला असता असं छातीठोकपणे म्हणवत नाही. विहिरीत पाणी दिसत होतं, मुगाला भाव बरा होता, साठ-पासष्ट दिवसांचं पीक. कोणीही पेरलं असतं.

दुसरा अंदाज मंगळवारी आला. होळी आठ दिवसांवर होती. गुरुवार ते शनिवार जिल्ह्यात तुरळक ठिकाणी मेघगर्जनेसह पाऊस, सोसाट्याचा वारा आणि एक-दोन ठिकाणी गारपिटीची शक्यता, पिवळा इशारा. गुरुवारी संध्याकाळी शुक्रवारसाठी तो नारिंगी झाला. याला मात्र ग्रुपवर तासाभरात साठ-सत्तर प्रतिक्रिया.

"तुरळक" हा शब्द लोक "थोडासा" असा वाचतात. हवामान विभागाच्या भाषेत तो जागेचं माप आहे, जोराचं नाही. जिल्ह्यातल्या पंचवीस टक्क्यांपर्यंत ठिकाणी पाऊस झाला तर तुरळक, पन्नासपर्यंत काही ठिकाणी, पंचाहत्तरपर्यंत बऱ्याच ठिकाणी. जिथे पडेल तिथे तुरळक पाऊसही झोडपून काढू शकतो. पिवळा म्हणजे लक्ष ठेवा, नारिंगी म्हणजे तयार राहा. गावात मात्र पिवळा म्हणजे "काई नाई होत" आणि नारिंगी म्हणजे "गेलं सगळं" असा अर्थ रूढ झाला आहे.

बुधवार: सोंगायचा की उभा ठेवायचा

चार एकरांपैकी दीड एकर हरभरा सोंगून वावरात ढिगांनी पडला होता, अडीच एकर उभा वाळलेला. हरभरा पहाटे दंव असताना सोंगतात. ऊन चढलं की घाटे तडकतात आणि दाणा मातीत जातो. त्यामुळे दिवसाला कामाचे तास तसेही कमी. आणि नेमक्या त्याच आठवड्यात मजूर निघून चालले होते. आमच्याकडे हरभरा-गव्हाच्या सोंगणीला मेळघाटातली कोरकू कुटुंबं उतरतात, आणि होळी हा त्यांचा वर्षातला सगळ्यांत मोठा सण. होळीला कोरकू माणूस तुमच्या वावरात थांबत नाही, दुप्पट मजुरी दिली तरी नाही. थांबूही नये.

बुधवारी सकाळी काकाजींचा फोन आला.

"भाऊ, सात मानसं हायेत माह्याजवळ, उद्या दुपारी थे जातेत. बाकीचा सोंगून घेऊ का काय करू?"

मी विचारलं, सोंगून झाल्यावर तो झाकायला ताडपत्र्या किती आहेत?

"दोन. एक फाटकी."

थ्रेशर?

"थो सनिवारशिवाय नाई येत म्हनते."

तिथेच निर्णय झाला. माझं गणित असं होतं: पाऊस येण्याची शक्यता गारांपेक्षा पुष्कळ जास्त. नुसता पाऊस आला तर उभा हरभरा भिजतो आणि वाऱ्याने दोन दिवसांत वाळतो, दाण्याला फारसं होत नाही. सोंगून जमिनीवर पडलेला भिजला तर खालच्या बाजूने काळा पडतो, बुरशी धरतो आणि बाजार समितीत "डागी" ठरतो. गारा आल्या तर दोन्हीकडे मार. म्हणजे जितका झाकता येईल तितकाच सोंगलेला बरा. असलेल्या सात माणसांनी नवीन सोंगणी न करता, सोंगलेला दीड एकर एका उंच जागी आणून गंजी लावावी, खाली पऱ्हाटी टाकावी, वरून ताडपत्री, आणि ताडपत्रीला चारही बाजूंनी दगड.

काकाजींना हे पटलं नाही. मजूर हाताशी असताना उभं पीक सोडून गंजी रचत बसायची, हे त्यांच्या चाळीस वर्षांच्या सवयीविरुद्ध होतं. त्यांनी 2014 चा दाखला दिला. त्या वर्षी फेब्रुवारीच्या शेवटापासून मार्चच्या मध्यापर्यंत राज्यभर गारपिटीने थैमान घातलं होतं आणि त्यांचा उभा गहू झोपला होता. "उभं असते थे जाते," हा त्यांचा धडा. शेवटी त्यांच्या मुलाने मधे पडून गंजी लावून घेतली. धुऱ्यापलीकडच्या शेजाऱ्याने उलट केलं. होते तेवढे मजूर लावून बुधवार-गुरुवारी पाचही एकर सोंगून टाकला.

शुक्रवार

आमच्याकडे मार्च-एप्रिलमध्ये गारा का पडतात हे ज्याने शुक्रवारची दुपार पाहिली त्याला वेगळं समजवावं लागत नाही. दोन दिवसांपासून वारा पूर्वेकडून फिरला होता, अंगाला चिकटत होता. ही बंगालच्या उपसागरावरून आलेली ओल. जमीन सकाळपासून तापलेली. आणि वर, पाच-सहा किलोमीटरवर, उत्तरेतून जाणाऱ्या पश्चिमी झंझावाताचं शेपूट खाली आलं की कोरडी थंड हवा सरकते. खाली गरम-ओलं, वर थंड-कोरडं. तापलेली हवा मग धडाधडा वर चढते, पाण्याचे थेंब गोठणाऱ्या थरात जातात, तिथे त्यांच्यावर बर्फाचे पापुद्रे चढतात, आणि वर नेणाऱ्या हवेला भार पेलेनासा झाला की खाली येतात. हा गोठण्याचा थर मार्चमध्ये पावसाळ्यापेक्षा खाली असतो, म्हणून गार वाटेत वितळून न जाता जमिनीपर्यंत पोचते. जूनमध्ये ढग याहून काळे असतात, तरी गारा क्वचितच.

साडेचारला सातपुड्याच्या बाजूने ढग आला. त्याचा रंग मला सांगता येत नाही. वहिनींनी वहीत "मोरचुदावानी" असं लिहिलंय, ते बरोबर आहे. आधी धूळ, मग थेंब, मग टिनावर पहिला दगड पडल्यासारखा आवाज. नातवाने घड्याळ लावलं होतं: आठ मिनिटं. सुरुवातीला बोराएवढ्या, मधली दोन-तीन मिनिटं लिंबाएवढ्या. काकू गोठ्यात गाईजवळ उभ्या राहिल्या, कोणीही झाडाखाली गेलं नाही. एप्रिल 2023 मध्ये अकोला जिल्ह्यात पारसला वादळात मंदिरापुढच्या शेडवर झाड कोसळून सात माणसं गेली, तेव्हापासून आमच्या भागात ही एक गोष्ट लोकांच्या डोक्यात पक्की बसली आहे.

गारांचा पट्टा दीड-दोन किलोमीटर रुंद असावा. काकाजींचं वावर पट्ट्यात, शेजाऱ्याचंही. ओढ्यापलीकडच्या वस्तीवर चार टपोरे थेंब आणि गार वारा.

आता हिशेब. गंजीतला दीड एकर पूर्ण वाचला, दाणा पिवळाधमक. उभ्या अडीच एकरात गारांनी घाटे फोडले, साधारण वीस क्विंटलच्या अपेक्षेला बारा-तेरा हाती लागला. शेजाऱ्याचा पाच एकर जमिनीवर भिजला, दोन दिवसांत उलटापालटा करून वाळला, वजनात फार गेलं नाही, पण काळवंडला आणि भावात पडला. म्हणजे माझा सल्ला बरोबर ठरला की चूक? काकाजी म्हणतात सगळा सोंगून दोन ताडपत्र्या आणखी आणल्या असत्या तर सगळाच वाचला असता. हे खरं आहे. ताडपत्र्या तालुक्याला जाऊन आणता आल्या असत्या, ही गोष्ट बुधवारी माझ्या डोक्यात आली नाही. आणि ओढ्यापलीकडच्या ज्यांनी माझं ऐकून सोंगणी थांबवली, त्यांच्याकडे काहीच पडलं नाही. उलट मजूर होळीला निघून गेले आणि त्यांचा हरभरा दहा दिवस वावरात तडकत राहिला. त्यातला एकजण आजही मला चहा पाजताना ते आठवण करून देतो.

24 ऑक्टोबर 2024 पासून ग्रामपंचायतनिहाय पाच दिवसांचा अंदाज मिळू लागला आहे, आणि मे 2025 मध्ये पुण्याच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेने उभं केलेलं सहा किलोमीटरच्या जाळीचं, म्हणजे सहा-सहा किलोमीटरच्या चौकटी पाडून अंदाज काढणारं, संगणकी प्रारूप हवामान विभागाच्या हाती आलं. आधी ती जाळी बारा किलोमीटरची होती. चांगलीच सुधारणा आहे. पण दीड किलोमीटरचा गारांचा पट्टा सहा किलोमीटरच्या चौकटीतूनही निसटतो. त्यासाठी रडार पाहून दिलेला दोन-तीन तासांचा तातडीचा इशाराच कामाचा, आणि दोन-तीन तासांत अडीच एकर हरभरा कोणी सोंगत नाही. तेवढ्या वेळात ताडपत्रीवर दगड ठेवता येतात, गुरं आत घेता येतात, वीज चमकायच्या आत वावरातून घरी येता येतं.

पंचनामा

सोमवारी पंचनामा झाला. तलाठी, कृषी सहायक, ग्रामसेवक. या तिन्ही पदांची नावं आता बदलली आहेत, पण गावात अजून हीच चालतात. सरकारी मदतीला नुकसान तेहतीस टक्के किंवा त्याहून जास्त असावं लागतं. हरभऱ्याचा उभा भाग त्यात बसत होता, पण सगळा चार एकर धरला तर बसत नव्हता. बरीच हुज्जत झाली. संत्र्याखाली मात्र हिरव्या फळांचा सडा पडलेला, तिथे कोणी प्रश्नच विचारला नाही. फोटो निघाले. एक फोटो गावाच्या ग्रुपवरून जिल्ह्याच्या पेपरात गेला.

राहिला फळपीक विमा. तो ज्याच्या नोंदीवर चालतो ते महसूल मंडळाचं स्वयंचलित हवामान केंद्र गावापासून अकरा किलोमीटरवर. त्या संध्याकाळी तिथे पावसाची नोंद नावापुरती. आणि या विम्यात गारपिटीचं संरक्षण हवं असेल तर वेगळा हप्ता भरावा लागतो, हे काकाजींना अर्ज भरताना सेवा केंद्रावर कोणी सांगितलं नव्हतं. त्यांनी विचारलंही नव्हतं. तो विषय तिथेच संपला.

बागेत मी जे सांगितलं ते नेहमीचंच: मोडक्या फांद्या छाटा, साल फाटलेल्या जागी बोर्डो मलम लावा, कॉपर ऑक्सिक्लोराईड दहा लिटरला तीस ग्रॅम फवारा. त्यांनी ते केलं.

वहीची मागची पानं

वहिनींची वही इथून पुढे वाचायला हवी, कारण गावाची गोष्ट इथे संपते आणि वहीची सुरू होते.

गारांच्या दुसऱ्या दिवशी दहा झाडांखाली त्यांनी फळं मोजायचा प्रयत्न केला आणि "लय" असं लिहून सोडून दिलं. पुढच्या आठवड्यात रोज झाडामागे पाच-दहा, मग दोन-चार. मार्चअखेर जवळजवळ थांबलं. झाडांवर फळं भरपूर शिल्लक होती. मोसंबी-संत्र्याचं झाड जितकं फुलतं त्यातलं अगदी थोडं शेवटपर्यंत नेतं. मटराएवढी फळं मार्चमध्ये झाड स्वतःच टाकत असतं, गारा नसत्या तरी त्यातली बरीच पडणारच होती. उरलेल्यांवर गारांचे व्रण राहिले, त्याने पुढे प्रत घसरली, हे नुकसान खरं. पण झाडावरचा माल गेला नव्हता.

एप्रिलचा दुसरा आठवडा. तापमानाच्या रकान्यात 42, 42, 43. मोटरच्या रकान्यात पाच तास, चार तास, साडेतीन. फळांच्या रकान्यात दोन, तीन, चार. आता ही फळं लिंबाएवढी होती.

एप्रिलचा शेवट. 43, 44, 43, 44. मोटर पावणेतीन तास. विहीर आटली की मोटर फसफसते, मग बंद करून संध्याकाळची वाट पाहायची. पावणेतीन तासांत एक भाग भिजतो, दुसऱ्याची पाळी उद्या. म्हणजे झाडाला दोन दिवसांत अठ्ठ्याऐंशी लिटर, दिवसाला चव्वेचाळीस. हवं होतं दीडशे. फळं झाडामागे सात, नऊ, आठ, अकरा.

मी त्या दिवसांत गेलो तेव्हा सकाळचे दहा वाजले होते. वहिनींनी एक पडलेलं फळ हातात दिलं. देठाची टोपी फांदीलाच राहिलेली, फळ स्वच्छ सुटलेलं, कुठे डाग नाही, अळीचं छिद्र नाही. चाळिशीच्या पुढच्या उन्हात मुळं पुरवतील त्याहून जास्त पाणी पानं मागतात, आणि झाड मग पानं वाचवायला फळ सोडतं. "असं हिरवंगार पडते भाऊ, म्हनून कोनाले दिसतबी नाई," त्या म्हणाल्या. नातू ती फळं गोट्यांसारखी खेळत होता.

हे नुकसान कोणाच्या यादीत येत नाही. मैदानी भागात तापमान चाळीसच्या वर आणि सरासरीपेक्षा साडेचार अंश जास्त गेलं, किंवा थेट पंचेचाळीस गाठलं, की उष्णतेची लाट म्हणतात. आमच्याकडे एप्रिलअखेर सरासरीच चाळीस-एकेचाळीसच्या घरात. त्यामुळे 43-44 चे वीस दिवस ही लाट नव्हे, नुसता उन्हाळा. नागपूरने मे 2013 मध्ये 47.9 पाहिलेलं असल्याने 44 ला इथे बातमी होत नाही. आणि लाट जाहीर झाली असती तरी केंद्राच्या अधिसूचित आपत्तींच्या यादीत तेव्हा गारपीट होती, दंव आणि थंडीची लाटही होती, उष्णतेची लाट नव्हती. विदर्भाच्या कास्तकाराला हा विनोद कळायला वेळ लागत नाही.

मधल्या काळात करता आलं ते केलं. खोडाला चुना-मोरचुदाचा लेप. जिबरेलिक आम्ल आणि युरियाची एक फवारणी, संध्याकाळी. आच्छादनासाठी सोयाबीनचं कुटार घालू म्हटलं तर काकूंनी स्पष्ट नकार दिला: गुरांनी काय खायचं? हरभऱ्याचं कुटार तर गुरांचं त्याहून लाडकं. शेवटी गव्हाचं काड आणि धुऱ्यावरचं गवत मिळून साठ-सत्तर झाडांना पुरलं. खुणेच्या दहांपैकी तीन झाडं त्यात होती. वहीत त्या तीन झाडांखालचे आकडे बाकीच्यांच्या निम्म्याच्या आसपास आहेत. तीन झाडांवरून सिद्धांत मांडू नये, पण त्या वर्षीपासून ते घर गव्हाचं काड जाळत नाही.

आणि मूग. तुषारने एक पाळी म्हणजे तीन सेंटिमीटर पाणी धरलं तरी एकराला सव्वा लाख लिटरच्या आसपास जातं. दोनशेसाठ झाडांची दिवसाची पूर्ण गरज एकोणचाळीस हजार लिटर. म्हणजे मुगाची एक पाळी म्हणजे बागेचे तीन दिवस. मार्च-एप्रिलमध्ये मुगाला चार पाळ्या दिल्या, बागेचे बारा दिवस गेले. पाचव्या पाळीला विहिरीने नाही म्हटलं. मूग दोन क्विंटलही झाला नाही.

हे गणित मी मेमध्ये काकाजींसमोर मांडलं, थोडं मिरवूनच. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "बरोबर हाय तुमचं. पन म्या नसतं उपसलं, तं थे पानी माह्या इहिरीत राह्यलं असतं का?" आणि हात शेजाऱ्याच्या नव्या बोअरकडे केला.

याला माझ्याकडे उत्तर नाही. खालचं पाणी सगळ्यांचं एकच असताना एकट्याने हात राखून धरणं म्हणजे दुसऱ्याला वाढून देणं. प्लास्टिक अंथरलेलं शेततळं असतं तर मार्चचं पाणी उपसून त्यात राखता आलं असतं. पण मेमध्ये त्यातलं किती उन्हानेच उडून गेलं असतं, हेही धरावं लागतं.

पुढचं

अक्षय्य तृतीयेच्या दुसऱ्या दिवशी पहाटे काकाजी दरवर्षीप्रमाणे भेंडवळला गेले. बुलडाणा जिल्ह्यात जळगाव जामोद तालुक्यात ही घटमांडणी शेकडो वर्षं चालत आली आहे: मोकळ्या वावरात धान्यांचं वर्तुळ, मधे खड्डा, त्यात पावसाच्या चार महिन्यांची चार ढेकळं, वर पाण्याचा करवा, पापड, वडे, पानसुपारी. रातभरात काय हललं, काय भिजलं यावरून पीकपाणी सांगतात. मी त्यावर विसंबून पेरणीचा सल्ला देणार नाही. पण तिथून परतताना काकाजींना चार जिल्ह्यांतल्या कास्तकारांकडून विहिरींची, बेण्यांची, संत्र्याच्या गळीची जी खबर मिळाली, ती कुठल्याच अ‍ॅपवर नव्हती. गळ सगळीकडे होती. गारा न पडलेल्या गावांतही.

मोसमी पावसाचा पहिला अंदाज हवामान विभाग एप्रिलच्या मध्याला देतो, देशाच्या सत्त्याऐंशी सेंटिमीटरच्या सरासरीच्या टक्केवारीत. त्या आकड्याचा मोर्शीच्या एका गावाला उपयोग काय, हे मला दरवर्षी विचारतात. बियाणं किती आधी उचलायचं एवढाच, असं मी सांगतो. त्यापुढे एकच नियम धरायला लावतो: पाऊस नागपूर-अमरावतीकडे येतो साधारण जूनच्या मध्याला, आणि पंचाहत्तर ते शंभर मिलिमीटर जमिनीत उतरल्याशिवाय सोयाबीन, कपाशी, काही टाकायचं नाही. मेअखेरच्या दोन वादळी सरींनी माती ओली दिसते, खाली वीतभर कोरडीच असते. त्याच मेच्या शेवटी एकदा असाच पाऊस झाला, रात्री, अर्धा तास. वहीतली ती शेवटची नोंद आहे: "पानी आलं. फळ 3."

संत्रा नोव्हेंबरात तुटला. व्यापाऱ्याने झाडावरचा माल नजरेने मोजून बागेचा सौदा केला आणि गारांच्या व्रणांवर बोट ठेवून भाव पाडला. झाडं निम्मी रिकामी का, हे त्याने विचारलं नाही.

यंदा फेब्रुवारीच्या शेवटच्या आठवड्यात काकाजींचाच फोन आला. "तीन महिन्याचा कागद निघाला का भाऊ?" निघाला नव्हता. निघाल्यावर पाठवला, आणि यावेळी खाली मुगाच्या पाळ्यांचा आणि बागेच्या दिवसांचा हिशेब लिहिला. दोन दिवस काही उत्तर आलं नाही. तिसऱ्या दिवशी मुलाने फोटो पाठवला. धुऱ्यालगतच्या एकरात मधोमध दोरी लावलेली. अर्ध्यात मूग पेरला होता, अर्धा नांगरून मोकळा ठेवला होता. दोरीच्या टोकाला काकाजी उभे होते, पाठमोरे, शेजाऱ्याच्या बोअरकडे पाहत.